२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला खुलं पत्र : लेकरांच्या हातातला फोन काढून घेण्याआधी

सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि २ ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात जमणारे माझे सगळे गावकरी, यांना वाचनालयाच्या ग्रंथपालाचा रामराम.

ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागली आहे. तिच्यातला सातवा विषय मी तीनदा वाचला. ‘१८ वर्षांखालील मुलामुलींना गावात मोबाईल वापरण्यास बंदी करणे व मोबाईल आढळल्यास पालकांकडून ५०० रुपये दंड वसूल करणे.’ ज्यांनी हा विषय घातला त्यांची तळमळ खरी आहे. रात्री अकराला पारावर शेजारी-शेजारी बसलेली आणि एकमेकांशी एक शब्द न बोलणारी सात-आठ पोरं, त्यांच्या तोंडावर पडलेला तो निळसर उजेड, हे मीही रोज वाचनालयाला कुलूप लावताना बघतो. तरीसुद्धा या ठरावाला माझा विरोध आहे, आणि त्याच्या जागी दुसरा ठराव घ्यावा अशी विनंती आहे. सभेत एका विषयाला पाच-दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात हे मावणार नाही म्हणून लिहून काढलं. वाचनालयाच्या दारावर चिकटवतो, गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवरही टाकतो. जमलं तर कुणी तरी हे मोठ्यानं वाचा आणि बाकीच्यांनी ऐका. असं का म्हणतो ते पुढे येईल.

वाचनालयाची देवघेवीची वही २३ वर्षांपासून माझ्या हाताखाली आहे. ड वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या, वर पत्रे. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, त्यातच पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि माझं मानधन. पण या वहीत गावाची नाडी लागते. २००४-०५च्या पावसाळ्यात एका दिवसात वहीचं अख्खं पान भरायचं. आता तेच पान भरायला महिना जातो. फरक कधी पडला तेही वहीत दिसतं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि पुढच्या मार्चपर्यंत नेट फुकट होतं. त्याच हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या टेबलावरची, एकाच पेपरची चार पानं चौघांनी वाटून घ्यायची गडबड थांबली. मग कोरोना आला. शाळा फोनवर भरायला लागली तेव्हा आपल्याच गावात लोकांनी शेळ्या विकून फोन घेतले. ते फोन कुणी चैनीखातर घेतले नव्हते, लेकरांनी शिकावं म्हणून घेतले होते, हे दंड ठरवताना विसरू नका. २९ जून २०२०ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली. दुसऱ्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स भारतात सुरू झाले. एक ॲप गेलं, अंगठ्याला लागलेली सवय जागेवर राहिली. बंदीनं काय साधतं आणि काय साधत नाही, ते आपण एकदा बघून बसलोय.

आणि वही उतरली म्हणजे वाचनालय ओस पडलं असंही नाही. पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करणारी दहा-बारा पोरंपोरी रोज येतात. त्यांच्यासमोर पुस्तक असतं आणि पुस्तकाला टेकवून फोन. त्या फोनवर पुण्यातल्या क्लासचे शिक्षक गणित शिकवतात. पुण्यात खोली करून राहणं ज्यांना जन्मात परवडलं नसतं अशा घरची ही लेकरं आहेत. यातल्या दोघी अजून १८च्या झाल्या नाहीत. ठराव झाला तर पहिला दंड या दोघींच्या बापांना बसेल.

आता मूळ गोष्ट. श्रावणातली पोथी.

गेल्या श्रावणात मारुतीच्या देवळात बारा वर्षांनी पोथी लागली. वाचायला आपले तात्या, वय ७८. पहिल्या दिवशी चाळीस माणसं, चौथ्या दिवशी अकरा. मी खांबाला टेकून बसलो होतो. तात्या वाचतायत, समोर दोघे जण मान खाली घालून फोन चाळतायत, एक जण उभा राहून तात्यांचा व्हिडिओ काढतोय आणि तो तिथंच स्टेटसला टाकतोय. मधेच कुणाचा तरी फोन वाजला, तो बोलत बोलत बाहेर गेला आणि परत आलाच नाही. पाचव्या दिवशी तात्यांनी चष्मा लावला, पोथीचं फडकं सोडलं आणि विचारलं, “काल कुठवर आलो होतो?” अकरा जणांत एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही. तात्या थोडा वेळ थांबले, फडकं परत गुंडाळलं आणि म्हणाले, “वाचायला मला येतंय रे बाबांनो, पण ऐकायलंय कोण?”

त्या अकरा जणांत १८ वर्षांखालचं एकही नव्हतं. सगळ्यात लहान मी, आणि मी ५१ वर्षांचा आहे.

पोथी का बंद पडली, हे मी वर्षभर मनात घोळवतोय. आपण म्हणतो पुस्तक गेलं, वाचन गेलं. पण आपल्या गावात एकट्यानं कोपऱ्यात बसून पुस्तक वाचणारी माणसं कधी फार नव्हतीच. माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. त्यांना मराठी अक्षर लागलं ते देवळातल्या पोथीनं. ते सांगायचे, एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि बाकी सगळं गाव ऐकायचं. ऐकणाऱ्यांतल्या एकानं हुंकार द्यायचा. दर ओवीला ‘हूं’, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की आपलं बोलणं पोचतंय. अध्याय संपला की आरती, हातावर साखर, आणि उद्या पुढं. ज्यांना अक्षर येत नव्हतं अशा बायाबापड्यांनासुद्धा आख्ख्या कथा पाठ होत्या. ते सगळे वाचकच होते, कानानं वाचणारे.

वर्तमानपत्राचंही तसंच. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्यातून काढलं, कारण निजामाच्या मुलखात असं काही छापून काढणं सोपं नव्हतं. आजोबांच्या तोंडून ऐकलंय की एखादा अंक गावात आला तर तो पिठाच्या डब्यात दडवून ठेवायचे आणि रात्री दार लावून एक जण हळू आवाजात वाचायचा. अंक एक, ऐकणारे तीस. परवा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण झेंडावंदन केलं, हुतात्म्यांची नावं घेतली. त्या तीस ऐकणाऱ्यांची नावं कुणाकडेच नाहीत. पण ते ऐकत होते म्हणून त्या एका अंकाला अर्थ होता.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवात आठवा. ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात काय? धन नाही, धान्य नाही, फक्त अवधान. एवढं एकच मला द्या म्हणतात. आपेगाव इथून फार लांब नाही, पैठणच्या वाटेवरच आहे. ज्यांचं मूळ गाव आपल्या मराठवाड्यातलं, त्यांनी सातशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं की बोलणारा कितीही मोठा असला तरी समोरच्यानं अवधान दिलं नाही तर सगळं वाया.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं हेच आहे, की आपल्या गावातला वाचणारा हरवलेला नाही. हरवलाय तो ऐकणारा. हुंकार हरवलाय. लेकरू शाळेतून येऊन काही सांगायला लागतं तेव्हा बाप रीलमध्ये असतो. म्हातारी दुखणं सांगते तेव्हा सून आणि लेक दोघंही मान न उचलता ‘हं, हं’ करतात. तो हुंकार नव्हे. ज्या ‘हं’मागं माणूस नाही तो लेकराला बरोबर ओळखू येतो. मग तेही दुसरीकडं जातं, जिथं कुणी तरी त्याच्याकडं बघतंय असं वाटतं तिथं.

हे मी दुसऱ्यांकडं बोट दाखवून लिहीत नाही. माझा मुलगा दहावीत असताना एकदा ताटावर मला शाळेतलं काही तरी सांगत होता. मी एका ग्रुपवर आलेली बातमी वाचत होतो. त्यानं सांगणं मधेच थांबवलं आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा तो हात धुऊन उठला होता. काय सांगत होता ते मी नंतर विचारलं. “काही नाही,” म्हणाला. आज तो पुण्यात कंपनीत आहे. आठवड्याला फोन करतो, दोन मिनिटं बोलतो. ती गोष्ट काय होती ते मला अजून माहीत नाही.

आता हे होतं कसं, ते थोडं समजून घेऊ. फोन वाईट, माणसं वाईट, असं म्हणून ते उलगडत नाही.

आपल्या पोथीला अध्याय असतो. अध्यायाला शेवट असतो. अंबाजोगाईला संत दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिलेला ग्रंथ, ४० हात लांब, ४ हात रुंद. जगात कुठं असा ग्रंथ क्वचितच असेल, आणि तो आपल्या जिल्ह्यात आहे. ती वाचायची तर डोळ्यांबरोबर पायही चालवावे लागतील. पण ४० हातांनंतर का होईना, तिला टोक आहे. तिथं पोचलं की माणूस थांबतो आणि वाचलेलं मनात मुरतं. फोनच्या पडद्याला हे टोक मुद्दाम काढून टाकलंय. २००६ साली आझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञानं अशी रचना बसवली की पान संपतच नाही. अंगठा वर सरकवला की खाली नवं येत राहतं. पुढं त्यानंच जाहीरपणे या गोष्टीचा पश्चात्ताप बोलून दाखवला. पण तोवर ती युक्ती सगळ्या ॲपनी उचलली होती.

दुसरी गोष्ट आशेची. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो असं ठेवलं, तर कबुतर भूक लागली की चोच मारतं. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही आणि कधी मिळेल याचा नेम नाही असं केलं, तर कबुतर चोच मारतच सुटतं. मटक्याच्या आकड्यापायी जमीन घालवलेली माणसं आपण पाहिली आहेत. आकडा रोज लागला असता तर कुणी एवढं खुळावलं नसतं. फोनमध्ये पुढचं रील चांगलं निघेल का, आपल्या फोटोला कुणी काय म्हटलं असेल, याचाही नेम नाही. म्हणून अंगठा थांबत नाही. आणि जितका वेळ तो थांबत नाही तितक्या जास्त जाहिराती समोरून जातात. त्या कंपन्यांचा बहुतेक पैसा त्यातून येतो. हजारो शिकलेली माणसं पगार घेऊन दिवसभर याच कामाला लागलेली आहेत की आपल्या गावच्या नववीतल्या पोरानं फोन खाली ठेवू नये. त्या पोराला एकट्याला दोषी धरून त्याच्या बापाकडून ५०० रुपये घेणं, हा मला न्याय वाटत नाही.

ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासक माणसं पडद्यापुढं काम कशी करतात ते वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. २००४ साली एका गोष्टीवर लक्ष सरासरी अडीच मिनिटं टिकत होतं. अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांवर आलं. ही शिकलेली, नोकरी करणारी मोठी माणसं आहेत. आणि आपल्या लेकरांचं म्हणाल तर खेड्यांतल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा २०२४चा अहवाल आहे. देशभरातल्या खेड्यांतली १४ ते १६ वर्षांची मुलं. त्यांतल्या ८२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येतो. ज्यांना येतो त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे एकाच हातात दोन्ही आहेत. फोन काढून घेतला की दोन्ही जातात.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, सभेत ती बोलायला माणसं कचरतात. बंदी कागदावर ‘मुलामुलींना’ असते. अंमल मुलींवर होतो. पोराच्या हातात फोन दिसला तर लोक म्हणतात, वाया चाललाय. पोरीच्या हातात दिसला तर बोलण्याची तऱ्हाच वेगळी असते. दहावीतल्या मुलीकडं फोन सापडला आणि पुढच्या लग्नसराईत तिचा बार उडवून दिला, हे मी या वाचनालयाच्या खिडकीतून दोनदा पाहिलंय. दोघीही माझ्या सभासद होत्या. एकीचं पुस्तक परत यायचं राहिलंय आणि मी ते मागायला गेलो नाही. हा ठराव झाला तर प्रत्येक भावाला, प्रत्येक चुलत्याला घरातल्या पोरीची झडती घ्यायचा परवाना मिळेल. ज्यांनी विषय मांडला त्यांच्या मनात असं काही नाही हे मला माहीत आहे. पण ठराव एकदा झाला की तो मांडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

असा ठराव घेणारे आपण पहिले नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं २०२२ साली १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद केला. त्याच साली सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळी वाट धरली. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि फोन बंद, लहानांचेही आणि मोठ्यांचेही. मला ही दुसरी वाट आपली वाटते. ऑस्ट्रेलियानं २०२४ साली कायदा केला की १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येणार नाही. त्यातही दंड आहे, पण तो कंपन्यांना. मुलांना नाही आणि आईबापांना नाही. एवढा मोठा देश दंडाचा रोख कुणाकडं ठेवतो ते बघा.

आता एका मुलीचं सांगतो, नाव सांगत नाही. सहावीतली. तिचे आईबाप दर साली दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊस तोडायला जातात. गेल्या हंगामात कोल्हापूरकडं होते. घरी आजी, नववीतला भाऊ आणि मुकादमाकडून आगाऊ मिळालेल्या उचलीच्या पैशातून घेतलेला एक फोन. आईचा फोन रात्री साडेआठला यायचा. पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या बांधून गाडी भरणं, मग खोपीत चूल, आणि भाकरी थापताना तेवढाच वेळ. साडेआठला भाऊ गेममध्ये असायचा. आईचा फोन आला की गेम अडतो म्हणून तो कट करायचा. शेवटी आईनं टोळीतल्या दुसऱ्या बाईच्या घरी निरोप धाडला, लेकरं बरी हायेत ना म्हणून. तेव्हा आजीला कळलं.

पण पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. फोन मुलीच्या हातात यायला लागला तरी बोलणं व्हायचं नाही. ‘जेवलीस का?’ ‘जेवले.’ ‘शाळंत गेलतीस का?’ ‘गेलते.’ संपलं. चार महिने दूर असलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं, ते अकरा वर्षांच्या लेकराला कुठून माहीत असणार? एके दिवशी ती वाचनालयात आली. म्हणाली, “काका, मायला वाचून दाखवायला पुस्तक पायजे. ती म्हणती, तू निस्तं हं हं करतीस.” मी तिला लहान मुलांच्या गोष्टींचं एक पुस्तक दिलं. आठव्या दिवशी परत आली, दुसरं द्या. मग तिसरं. रोज रात्री साडेआठला पंधरा मिनिटं. तिकडं आई फोन स्पीकरवर ठेवून भाकरी थापायची आणि शेजारच्या खोपीतल्या बाया येऊन बसायच्या. इकडं आमच्याकडं रेंज पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवरच नीट येते, तर थंडीत आजीची शाल पांघरून ही पोरगी तिथं बसायची आणि भाऊ बॅटरी धरायचा. भाऊ सुधारला असं मी म्हणत नाही, गेम तो अजून खेळतो. पण साडेआठला फोन त्याच्याकडं मागावा लागत नाही.

टोळी मार्चमध्ये परत आली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आई वाचनालयात आली. आयुष्यात पहिल्यांदा आली असावी, दाराशीच चपला काढून उभी. मी खुर्ची दिली तर बसेना. म्हणाली, “भाऊ, त्या बैलवाल्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं? त्या दिवशी रेंजच गेली, आन् पोरगी म्हणती पुस्तक परत दिलं.” मी कपाटातून पुस्तक काढलं, तिची ऐकायची राहिलेली चार पानं सापडली. टेबलाशी बसून वाचून दाखवली. ती जमिनीवर बसून ऐकत होती आणि दर दोन वाक्यांना ‘हूं’ म्हणत होती.

तो हुंकार मी २३ वर्षांत वाचनालयात ऐकला नव्हता. आणि तो आला फोनवरून. म्हणून फोन जाळा, फोन फोडा असं मी म्हणणार नाही. फोनवर बसून वाचणारं लेकरू आणि चारशे किलोमीटरवर ऐकणारी माय, हेही आपल्याच गावात झालंय.

त्यामुळं माझी विनंती अशी. सातव्या विषयातला दंड आणि वयाची अट काढून टाकावी. त्याऐवजी असा ठराव घ्यावा की सोयाबीनची काढणी आटोपल्यावर, दिवाळी झाली की, रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळात गावातल्या मोठ्या माणसांनी आपापले फोन खाली ठेवावेत. दवाखान्याचं, तातडीचं काम सोडून. लेकरांनी ठेवावेत असं मी लिहीत नाही. मोठ्यांनी ठेवले तर लेकरं बघतील, त्यांना वेगळं सांगायला लागणार नाही. टीव्हीही बंद. भोंगा देवळावर आहेच, तो सातला एकदा आणि आठला एकदा वाजवावा. आठलाच संपवायचं, त्यापुढं वाढवायचं नाही, कारण साडेआठला फडावरून फोन येतात.

त्या तासात मारुतीच्या देवळात, आणि देवळात ज्यांना यायचं नसेल त्यांच्यासाठी वाचनालयात, मोठ्यानं वाचन व्हावं. पोथी असो, गोष्ट असो, दिवसाचा पेपर असो. दर्ग्याजवळच्या आणि वरच्या वस्तीतल्या लोकांना वाचनालय जवळ पडतं आणि ते सगळ्यांचं आहे. पहिले पंधरा दिवस ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आळीपाळीनं वाचावं किंवा नुसतं पुढं बसून ऐकावं. वाचता येत नसेल तर कुणी हसणार नाही याची हमी मी देतो. घरी थांबणाऱ्यांनी घरी लेकराला म्हणावं, तू वाच, मी ऐकतो. चौथीतलं लेकरू अडखळत वाचेल. मधे दुरुस्त करू नका, फक्त हुंकार द्या.

टोळ्या निघतील तेव्हा प्रत्येक टोळीबरोबर वाचनालय वीस पुस्तकांची एक पेटी देईल. मुकादमांनी ती गाडीत चढवू द्यावी, एवढंच मागणं आहे. पुस्तकं फाटली, भिजली तरी चालतील. कोण काय म्हणेल याची मला चिंता नाही, ती नोंद मी माझ्या सहीनं करीन.

हा विषय ग्रामसभेआधीच्या महिला सभेतही ठेवावा. सातचा तास म्हणजे चुलीचा तास, आणि बायांना विचारल्याशिवाय तो ठरवू नये. त्या सहा म्हणाल्या तर सहा. ग्रामसभेचा कोरम भरला नाही आणि सभा तहकूब झाली तरी मी पुढच्या सभेला हाच कागद घेऊन येईन. एक मागणं ग्रामपंचायतीकडं आहे. वाचनालयात संध्याकाळी सातला वीज हमखास जाते, तर एक इन्व्हर्टर द्यावा. तोवर कंदील आहे.

ठराव झाला नाही तरी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारपासून मी सातला वाचनालयात मोठ्यानं वाचायला बसणार आहे. तात्यांना विचारलंय. पोथीचं फडकं परत सोडायला ते तयार झालेत, पण म्हणाले की पहिल्या दिवशी काल कुठवर आलो होतो ते सांगणारं कुणी तरी पाहिजे. गेल्या श्रावणात कुठं थांबलो होतो ते मी त्यांच्याकडून विचारून वहीत लिहून ठेवलंय. किल्ली माझ्याकडं असते, साडेसहाला दार उघडतो. वाचनालयात सतरंज्या तीनच आहेत, येताना घरून एखादी घेऊन या.

आपला,
गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल